परदेशातील पुरचुंडी

आमची आई आठवड्यातून तीन दिवस पहाटेच्या गाडीने दादरला फुले घेऊन जात असे. दुपारी घरी परतली की ओटीवर बसून ती कमरेची पुरचुंडी सोडी आणि पैशांचे तीन ढीग करी : एक घरखर्चाचा, एक उधारी फेडण्याचा आणि एक विहिरीवरील इंजिनाच्या तेलाचा. चौथा ढीग क्वचितच होई. झालाच तर तो तांदळाच्या कणगीत जाई. त्या पुरचुंडीला हात लावण्याची आमच्या वडिलांचीही प्राज्ञा नव्हती. पैसा कोणाचा, कोणाच्या हाती आणि कशासाठी, हे प्रश्न तिने कधी तोंडाने विचारले नाहीत. परंतु त्या तीन ढिगांत त्यांची उत्तरे होती. हे आम्हांला फार उशिरा उमगले, आणि उमगले तेव्हा एका दुसऱ्याच स्त्रीचे मोठे नुकसान होऊन गेले होते. त्यात आमचाही वाटा होता, म्हणून हा लेख.

धर्मगुरूने पैशांविषयी लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. आमचे काही श्रद्धावंत तर असे समजतात की, आम्ही सारेच दारिद्र्याचे व्रत घेतलेले आहोत. वस्तुस्थिती तशी नाही. ते व्रत संघीय धर्मगुरू घेतात. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू साधेपणाने राहण्याचे बंधन पाळतो, परंतु आमचे मानधन आमचेच असते आणि त्याचा हिशेबही आम्हांलाच ठेवावा लागतो. तो कसा ठेवावा, हे गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांला कोणी शिकविल्याचे स्मरत नाही. कर्जावर व्याज घेणे पाप आहे काय, ह्यावर मात्र तेथे आठवडाभर चर्चा झाली होती. संत थॉमस अक्वायनस काय म्हणतात, पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी १७४५ साली आपल्या परिपत्रकात काय बजावले, हे आम्ही उत्तरपत्रिकेत चार पाने भरून लिहिले. त्याच सुमारास आमच्या वडिलांनी विहिरीच्या कामासाठी कर्ज काढले होते. त्याचा दर काय, हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही. आमच्या पूर्वसुरींची गोष्ट निराळी. १९१८ साली वसईत कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने. त्यांना लॅटिनही येत होते आणि खातेवहीही कळत होती.

१९९९ च्या ऑक्टोबरात आम्ही अध्ययनासाठी रोमला गेलो. तिशीत पदार्पण केलेले, इटालियन भाषेची पन्नासएक वाक्ये पाठ केलेली आणि बंडीच्या आतल्या खिशात प्रवासी धनादेशांचे पाकीट शिवून घेतलेले. प्रवासी धनादेश आता जवळजवळ नामशेष झाले आहेत, म्हणून तरुण वाचकांसाठी सांगतो : ते विकत घेताना प्रत्येकावर एक सही करावयाची आणि वटविताना कारकुनाच्या डोळ्यांदेखत दुसरी. दोन्ही जुळल्या की रोकड हाती पडे. चोरीला गेले तर क्रमांक सांगून नवे मिळत. युक्ती चांगली होती. आम्ही मात्र पासपोर्टावर करतो तशी सही देवनागरीत केली होती. रोमच्या रेल्वे स्थानकातील विनिमय खिडकीवरील गृहस्थांनी ती पाहिली, कागद उलटा करून पाहिला, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही दुसरी सही केली. एखाद्या चित्राची नक्कल खरी की खोटी हे ताडावे तसे ते दोन्ही सह्यांतील वेलांट्या मोजीत राहिले. मागे रांग वाढत होती. शेवटी आमची रोमन कॉलर पाहूनच त्यांनी पैसे दिले असावेत.

त्या खिडकीवर ‘दलाली नाही’ अशी ठळक पाटी होती. आम्ही खूश झालो. विनिमयाचे दोन दर असतात, विकत घेण्याचा एक व विकण्याचा एक, आणि दुकानदाराची कमाई त्या दोहोंच्या मधल्या दरीत असते, हे गणित आम्हांला तिसऱ्या वेळी कळले. दलाली न घेणारा बहुधा ती दरी रुंद करून ठेवतो. यरुशलेमच्या मंदिरातील सराफांविषयी आम्ही कितीदा तरी प्रवचन केले होते. त्यांचा व्यवसाय नेमका काय होता हे प्रवचनात कधी नीट सांगितले नव्हते. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाला मंदिराचा अर्धा शेकेल कर सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यातच द्यावा लागे, कारण त्या नाण्यातील चांदी चोख असे. दूरदेशीचा यात्रेकरू जी नाणी घेऊन येई ती त्याला तेथे बदलून घ्यावी लागत, आणि बदलणारा त्यावर आपले शुल्क घेई. म्हणजे ते बिचारे परदेशी प्रवाशाचीच सोय करीत होते. प्रभूने त्यांचे चौरंग का उलथले, ह्याचा विचार आम्ही त्या दिवशी स्थानकाच्या पायरीवर बसून, हातातल्या लीरा मोजीत, जरा नव्याने केला.

लीरा! त्या नोटांनी आम्हांला आयुष्यात प्रथमच लखपती केले. हजार लीरा म्हणजे जेमतेम तेवीस रुपये. हजाराच्या नोटेवर मारिया माँटेसरी होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ह्या बाई मद्रासजवळ अड्यार येथे राहून आपल्या शिक्षकांना शिकवीत होत्या, हे आठवून परक्या नोटेवर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटे. पन्नास हजारांवर शिल्पकार बेर्नीनी, लाखावर चित्रकार काराव्हाज्जो. पाच लाखांवर राफाएल असतो असे ऐकून होतो. आमची त्याची भेट कधी झाली नाही.

खाते उघडण्यास दोन महिने लागले. तेथे आधी सोळा अक्षरांकांचा एक कर-संकेतांक काढावा लागतो. तो आडनावातील व नावातील व्यंजने, जन्मतारीख आणि जन्मस्थान ह्यांवरून बनतो. इटलीत जन्मलेल्याचे गाव त्यात नोंदले जाते. परदेशीयाचा मात्र केवळ देश. आमचे गाव, आमची वाडी, आमचा धर्मग्राम, सारे काही एका इंग्रजी अक्षरात आणि तीन आकड्यांत बसविले गेले होते. मग वास्तव्याचा परवाना, तो मिळेपर्यंत त्याच्या अर्जाची पावती, मग आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरांचे पत्र. बँकेचे दार म्हणजे काचेची एक उभी कुपी. एका वेळी एकानेच शिरावयाचे. मागचे दार बंद झाले की पुढचे उघडते. किल्ल्यांचा जुडगा खिशात असला तर यंत्र आपल्याला आतच कोंडून ठेवी. दुपारी बँक बंद होई, मग पुन्हा तासाभरासाठी उघडे. एका गोष्टीची मात्र मौज वाटली. व्हॅटिकनमधील पैसे देणाऱ्या यंत्रात लॅटिन भाषेचाही पर्याय असतो. सेमिनरीत घोकलेले लॅटिन व्यवहारात कोठे उपयोगी पडेल, ह्याचे उत्तर तेथे मिळते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जर्मनीतील एका खेड्यात तेथील धर्मगुरूंच्या बदल्यात सेवा केली. अनेक भारतीय धर्मगुरू असे जातात. तेथे मानधन मार्कांत मिळाले. वडिलांच्या मोतीबिंदूसाठी घरी पैसे पाठवावयाचे होते. मार्क रोमला आणून लीरा केले, लीरांचा डॉलरमध्ये ड्राफ्ट काढला, आणि ड्राफ्टाचे वसईत रुपये झाले. तीन वेळा चलन बदलले आणि प्रत्येक उंबऱ्यावर काही तरी सांडले. जर्मनीतूनच सरळ रुपयांत पाठविता आले असते. ते विचारण्याचे सुचले नाही. वास्तविक १ जानेवारी १९९९ पासून मार्क व लीरा दोघेही युरोला कायमचे बांधले गेले होते : एका युरोला १९३६.२७ लीरा. दरात चढउतार उरला नव्हता, तरी खिडकीवरचे शुल्क उरलेच होते.

आता त्या भगिनीविषयी.

रोममध्ये गुरुवारची दुपार आणि रविवार हे घरकामाच्या बायांच्या सुट्टीचे दिवस. फिलिपिन्स, श्रीलंका, केरळ, गोवा, सगळीकडच्या स्त्रिया मग स्थानकाच्या आसपासच्या चौकांत, चर्चच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसत. तेथे एका रविवारी आमच्याच तालुक्यातील एक बाई भेटल्या. वयाने आमच्याहून नऊ वर्षांनी थोर. आम्ही त्यांना ‘बाय’ म्हणू लागलो. त्या १९९१ साली आलेल्या. एका वृद्ध विधवेची अहोरात्र देखभाल करीत, राहणे-जेवण तेथेच. पगार बारा लाख लीरा. त्यांपैकी नऊ लाख, म्हणजे त्या वेळचे वीस हजार रुपये, त्या दर महिन्याला घरी धाडीत. चार वर्षांत त्यांनी नवे बूट घेतले नव्हते. बस चुकली तर तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्या चालतच निघत.

घरी म्हणजे धाकट्या भावाकडे. निघताना गावच्या बँकेत दोघांच्या नावे बचत खाते उघडलेले होते, ‘दोहोंपैकी कोणीही’ व्यवहार करील अशा पद्धतीचे. पासबुक भावाकडे, चेकबुक भावाकडे, सही भावाची. बायकडे केवळ खात्याचा क्रमांक. परदेशी नोकरीस गेलेल्या माणसाने असे साधे खाते तसेच चालू ठेवावयाचे नसते, त्याचे अनिवासी खात्यात रूपांतर करावयाचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. बँकेलाही ती परदेशी गेल्याचे कोणी कळविले नव्हते.

सन २००० च्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मिस्सा झाल्यावर बायने आम्हांला बाजूस बोलाविले. एका मल्याळी मैत्रिणीने तिला सांगितले होते की, स्वतःच्या एकटीच्या नावे अनिवासी खाते उघडता येते. त्यावरच्या व्याजाला आपल्याकडे आयकर लागत नाही आणि पैसा वाटेल तेव्हा परत बाहेर नेता येतो. तिने अर्जही आणला होता. “फादर, हा भरून द्याल का? इंग्रजी आहे.” आम्ही अर्ज हातात घेतला आणि विचारले, “भाऊ काय म्हणेल, बाय?” ती गप्प राहिली. आम्ही पुढे म्हणालो, “त्याला वाटेल आपल्यावर अविश्वास दाखविला. पैशांपायी रक्ताची नाती तुटतात. तो काय परका आहे?”

तिने अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. “तुम्ही म्हणता ते बरोबर, फादर.” आम्ही शहाण्यासारखे बोललो, असे वाटून आम्ही दुपारचे जेवण चवीने जेवलो. त्या अर्जाची चार पाने वाचून पाहण्याचे कष्ट मात्र आम्ही घेतले नव्हते. कदाचित आमच्या अज्ञानाला आम्ही धर्माची शाल पांघरली, असे आज वाटते.

१ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आल्या. त्या दिवशी पैसे काढावयाच्या यंत्रांपुढे माणसे उभी होती ती गरजेपोटी नव्हेत, कुतूहलापोटी. २८ फेब्रुवारीपर्यंत दुकानात लीरा चालत. नंतर त्या बँकेतच बदलून मिळत. म्हाताऱ्या इटालियन बायका अंगणात बसून प्रत्येक भावाला दोन हजारांनी गुणीत. बाय पूर्वी लीरांना भागून रुपये करी. आता युरोला बेचाळीस-त्रेचाळीसने गुणू लागली. तिचे गणित आमच्याहून चांगले होते. पुढल्याच वर्षी आम्ही पदवी घेऊन परतलो. ती तेथेच राहिली.

(येथे एक उपकथा. दहा वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, जुना इटालियन शब्दकोश झाडताना त्यातून पन्नास हजार लीरांच्या दोन नोटा पडल्या. मध्यवर्ती बँकेत बदलण्याची मुदत फेब्रुवारी २०१२ अखेरपर्यंत होती. ती एका वटहुकुमाने त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये, संपविण्यात आली होती. म्हणजे आम्ही दोन्ही हिशेबांनी उशीरच केला होता. एक्कावन्न-बावन्न युरो गेले. बेर्नीनीचे मुखडे आता आमच्या टेबलाच्या काचेखाली आहेत.)

बाय २०१० च्या डिसेंबरात कायमची परतली. एकोणीस वर्षे झाली होती, वय पन्नास. नाताळानंतर ती आमच्या धर्मगृहात आली. सोबत पासबुक. तिने ते उघडून आमच्यापुढे ठेवले. शिल्लक अकरा हजार चारशे रुपये.

आम्ही पाने मागे उलटीत गेलो. प्रत्येक महिन्याला रक्कम येत होती आणि आठवड्याच्या आत निघत होती. एकोणीस वर्षे. कोठे गेली, हे काही गुपित नव्हते. वडिलोपार्जित जागेवर दुमजली घर उभे होते, भावाच्या नावे. त्याच्या दोन मुलींची लग्ने झाली होती. आईचे शेवटचे आजारपण इस्पितळात नीट पार पडले होते. तिच्या अंत्यविधीला बायला येता आले नव्हते, कारण परवान्याचे नूतनीकरण चालू होते. भाऊ व्यसनी नव्हता, जुगारी नव्हता. आम्ही त्याला भेटावयास गेलो तेव्हा तो खरोखरीच गोंधळून गेला. “फादर, ती पाठवत होती ते घरासाठीच ना? मी काय स्वतःवर उडवले?” त्याची बायको आतून म्हणाली, “त्यांना खोली ठेवलीय की वरची.” ती खोली आम्ही पाहिली. चांगली खोली होती. तिच्यात लग्नाची भांडी ठेवलेली होती.

बायने आम्हांला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. जाताना ती एवढेच म्हणाली, “फादर, तो अर्ज अजून आहे माझ्याकडे.” दहा वर्षे तिने तो प्रार्थनेच्या पुस्तकात जपला होता.

कायद्याचा मार्ग होता, परंतु अवघड होता. संयुक्त खात्यातून एकाने काढलेला पैसा, तोही खातेदार म्हणून हक्काने काढलेला, परत मागावयाचा तर तो कोणाचा होता आणि कोणत्या बोलीवर पाठविला होता ह्याचा पुरावा लागतो. वकीलसाहेबांनी आम्हांला पावत्या मागितल्या. ड्राफ्टांच्या काही होत्या; पैसे पाठविणाऱ्या दुकानांच्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरे झाले होते. तीन महिने आम्ही त्या ओटीवर जाऊन बसलो. शेवटी भावाने वरच्या मजल्यावरील दोन खोल्या बक्षीसपत्राने बहिणीच्या नावे नोंदवून दिल्या. मुद्रांक शुल्काचे पैसे कोणी द्यावेत ह्यावर पुन्हा दोन आठवडे गेले. ते आम्ही दिले. ह्यात औदार्य काहीही नव्हते.

आणि बाय २०११ साली पुन्हा इटलीला गेली. एक्कावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालावयास.

ह्या वेळी जाण्यापूर्वी आम्ही दोघे बँकेत बसून अर्ज भरला. वाचता वाचता आम्हीच शिकत होतो. जे शिकलो ते येथे नोंदवितो, कारण आमच्या धर्मग्रामांतून आजही दर महिन्याला कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी कॅनडाला निघालेले असते. परदेशची कमाई ज्या खात्यात येते ते एनआरई. आपल्याकडचे भाडे, बागायतीचे उत्पन्न, निवृत्तिवेतन ज्यात जमा करावयाचे ते एनआरओ. पहिल्यावरचे व्याज करमुक्त, आणि मुद्दल-व्याज दोन्ही केव्हाही परत बाहेर नेता येते. दुसऱ्यावरील व्याजातून कर आधीच कापला जातो, आणि त्यातून बाहेर नेण्यास वर्षाला दहा लाख डॉलरांची मर्यादा आहे. ती आपल्यापैकी कोणाला आड येईल असे वाटत नाही. एनआरई खात्यात येथील जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडता येते, परंतु ‘पहिला किंवा हयात राहील तो’ ह्याच पद्धतीने, म्हणजे खातेदार जिवंत असेतो हक्क त्याचाच. घरच्यांना स्थानिक खर्चासाठी पैसे काढता यावेत तर तसे अधिकारपत्र वेगळे देता येते, आणि ते रद्दही करता येते. आमच्या सन २०००च्या प्रश्नाचे उत्तर हे होते : भावाला घरखर्चाचा पैसाही मिळाला असता, आणि बाकीचा बायच्या नावे राहिला असता. नातेही तुटले नसते. उलट, टिकले असते.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. नामनिर्देशित व्यक्ती, ज्याला सगळे ‘नॉमिनी’ म्हणतात, ती मालक होत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक तिच्या हाती पैसा देते. तो वारसांचा असतो आणि तिने तो त्यांच्यासाठी सांभाळावयाचा असतो. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. मृत्युपत्राची गरज त्यामुळे संपत नाही. धर्मगुरूंनीही ते करावे. आमच्यातल्या कितीतरी जणांनी केलेले नसते.

पैसे पाठविण्याचा खर्च आता पूर्वीइतका राहिला नाही, तरी गरीब माणसाच्या लहान रकमेला तो अजूनही टोचतो. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जगाची सरासरी अजून त्याच्या वर आहे. भारतात परदेशस्थ नागरिकांकडून २०२२ साली १११ अब्ज डॉलर आले, असे जागतिक बँकेचे आकडे सांगतात. कोणत्याही देशाला एका वर्षात इतका पैसा त्यापूर्वी आला नव्हता. त्या आकड्यांत बायचे नवे बूट न घेतलेले युरो आहेत.

आम्ही शहाणे झालो, असे मात्र कोणी समजू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात धर्मग्रामातील बत्तीस जणांची यात्रा घेऊन आम्ही फातिमा आणि लूर्दला गेलो. लूर्दच्या हॉटेलात उरलेली रक्कम भरावयाची होती. कार्ड पुढे केले, नाकारले गेले. पुन्हा केले, पुन्हा तेच. २०२० पासून आपल्याकडे नियम आहे की, नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार खातेदाराने स्वतः चालू करून घ्यावयाचा. तो आम्ही चालू केलेला नव्हता. चालू करावा तर फोनवर सांकेतिक आकडा यावा लागतो, आणि ज्या क्रमांकावर तो यावयाचा ते सिमकार्ड आम्ही विमानतळावर काढून ठेवले होते, कोठे ठेवले ते आठवत नव्हते. बत्तीस माणसे सामानासह दालनात उभी. तेव्हा आमच्या चमूतील सत्तरीच्या एका आजीबाईंनी गळ्यातली पिशवी काढून आमच्या हाती युरोच्या नोटा ठेवल्या. त्यांचा नातू दुबईला असतो. त्याने निघताना त्यांना दिल्या होत्या. “मोजून घ्या, फादर,” त्या म्हणाल्या, “आणि कागदावर लिहून द्या.” आम्ही लिहून दिले. सिमकार्ड पुढे जपमाळेच्या डबीत सापडले.

त्याच आजीबाईंनी एका यंत्रावर रुपयांत रक्कम दाखविणारा पर्याय पाहून आनंदाने ते बटण दाबले होते. वाचकहो, तो मोह टाळावा. परदेशी यंत्र ‘तुमच्या चलनात आकारू का’ असे विचारते तेव्हा दर त्या यंत्राच्या मालकाचा असतो, आणि तो बहुधा महाग पडतो. तेथीलच चलन निवडावे. ती स्थानकातली ‘दलाली नाही’ ची पाटीच म्हणावयाची, नव्या वेषातली. प्रवासी धनादेशांची जागा आता आगाऊ पैसे भरलेल्या कार्डाने घेतली आहे. ते बरे, कारण भरताना जो दर मिळतो तोच पुढे राहतो. दोन कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत आणि चार दिवसांपुरती रोकड जवळ असावी. युरोपात शिरताना दहा हजार युरो वा अधिक रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते. तेवढी रोकड कोणी बाळगूच नये. २०२४ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे तिकीट आपल्या यूपीआयने काढता येऊ लागले, हे ऐकून आम्हांला आमच्या देवनागरी सहीची आठवण झाली.

बाय २०१८ साली परतली. दोन खोल्यांत राहते. भाचीची मुले तिच्याकडे अभ्यासाला बसतात, खाली भाऊ असतो, रविवारी जेवण एकत्र होते. तिच्या खात्यात किती आहे ते आम्हांला ठाऊक नाही. आम्ही विचारलेले नाही. शनिवारी सायंकाळी ती धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊन बसते. परदेशी निघालेल्या मुलामुलींना अर्ज भरण्यास ती मदत करते. आमचे काम झेरॉक्स काढण्याचे.

मागच्या शनिवारी एक तरुण आला होता. त्याला एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात काम मिळाले आहे. सोबत आई-वडील आणि मोठा भाऊ. वडील म्हणाले, “खाते आहे आमच्या दोघांच्या नावे, थोरला बघेल सगळे. घरातलाच आहे.” बायने चष्मा वर सारला, कोरा अर्ज पुढे ओढला आणि मुलालाच विचारले, “तुझे नाव पासपोर्टवर कसे आहे तसे सांग.” वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही झेरॉक्सच्या यंत्रात कागद लावू लागलो.